38 कोटी नेटवर्थच्या कुपवाडच्या फौंड्रीला इंड-एएस कसं काय लागू?

खतावणी_कुपवाड

मी कुपवाड एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत अकाउंट्स बघते. पंपाची केसिंग, इंपेलर, थोडं व्हॉल्व्हचं काम. उलाढाल नव्वदेक कोटी, नेटवर्थ 38 कोटी. आजवर साधे एएस (जुनी हिशेबाची मानकं), टॅली आणि सप्टेंबरात ऑडिटची पळापळ, एवढाच कारभार होता.

जून 2024 मध्ये मालकांनी 51 टक्के हिस्सा पुण्याच्या एका लिस्टेड कंपनीला दिला. 49 टक्के घरातच आहेत, मालक डायरेक्टर म्हणून आहेतच. आता त्यांच्या ऑडिटरांची मेल आलीय. मार्च 2025 चा ताळेबंद इंड-एएसनं (नव्या भारतीय हिशेब-मानकांनी) करायचा, शेजारी मार्च 2024 चा पुन्हा मांडायचा, आणि 1 एप्रिल 2023 चा ओपनिंग ताळेबंद वेगळा. टॅलीचा बॅकअप मागितला असता तर समजलं असतं. यांनी मागितलंय काय, तर मालकांच्या आईंच्या नावावरच्या 3 कोटींच्या प्रेफरन्स शेअर्सच्या अटी, मालकांनी एप्रिल 2021 मध्ये कंपनीला दिलेल्या 2 कोटी बिनव्याजी रकमेचा कागद, शेजारच्या शेडचे भाडेकरार, गिऱ्हाइकांच्या पीओच्या (खरेदी ऑर्डरच्या) मागच्या बाजूच्या अटी, आणि गिऱ्हाइकांकडच्या येण्यांचं चार वर्षांचं वयवार (किती दिवस थकलंय तसं) स्टेटमेंट. शिवाय भट्ट्यांची मूळ बिलं. आमचं जुनं ऑफिस गावभागात होतं, 2019 च्या पुरात त्यातल्या निम्म्या फायली गेल्या.

मालक म्हणतात, "आपण काय टाटा हाय का? एवढ्याशा कंपनीला कशाला पाहिजे हे लंडनचं?" त्यात त्यांना कुणीतरी सांगितलंय की बुधगाव रस्त्याची दीड एकर जागा (पुस्तकात 6 लाख) आता बाजारभावानं दाखवता येते, त्यामुळं ते एकीकडं चिडलेत आणि एकीकडं खूशही आहेत.

हे आम्हाला खरंच लागू आहे का? असेल तर सुरुवात कुठून करू?

---

आर्टिकल_चालू_आहे

ताई, लागू नाही. अनलिस्टेड कंपनीला 250 कोटी नेटवर्थची मर्यादा आहे. तुम्ही 38 कोटींवर आहात. मेलला तसं उत्तर द्या.

---

विश्रामबाग_पेन्शनर

ताई, असलं उत्तर पाठवू नका.

आर्टिकलवाल्या, 250 कोटींची ओळ बरोबर वाचलीस, पण तिच्याखालची राहिली. इंड-एएसच्या 2015 च्या रूल्समधला नियम 4 काढ. आकडे संपले की लगेच लिहिलंय: ज्या कंपन्यांना हे लागू, त्यांच्या होल्डिंग, सबसिडियरी, जॉइंट व्हेंचर आणि असोसिएट कंपन्यांनाही लागू. तिथं नेटवर्थ कुणी विचारत नाही. पुण्याची कंपनी लिस्टेड आहे, म्हणजे तिला उशिरात उशिरा 1 एप्रिल 2017 पासून इंड-एएस बंधनकारक झालं. 500 कोटींच्या वर असेल तर त्याच्या आदल्या वर्षीच. 51 टक्के तिच्याकडं गेले आणि ही फौंड्री सबसिडियरी झाली. ती कंपनी फक्त एसएमई प्लॅटफॉर्मवर (छोट्या कंपन्यांच्या वेगळ्या शेअर बाजारात) लिस्टेड असती तर लिस्टिंगमुळं हे लागलं नसतं, पण तसं असतं तर तिच्या ऑडिटरांनी ही मेल धाडलीच नसती. आणि मालकांना हेही सांगा, की एकदा यात शिरलं की परत जुन्या एएसवर येता येत नाही, उद्या पुणेकरांनी हिस्सा विकला तरी.

माझी नोकरी एका लिस्टेड कंपनीच्या अकाउंट्समध्ये गेली, 2016-17 चं सगळं अंगावर घेतलंय. आता निवृत्त आहे, पण या विषयावर कुणी विचारलं की गप्प बसवत नाही.

मालकांच्या 'लंडन'बद्दल. इंड-एएस ज्यांवर बेतलंय ती आयएफआरएस (आंतरराष्ट्रीय मानकं) लिहिणारं मंडळ लंडनला बसतं हे खरं. युरोपियन युनियननं 2005 पासून आपल्या लिस्टेड कंपन्यांच्या एकत्रित हिशेबांना आयएफआरएस लावलं. अमेरिकेनं स्वतःच्या कंपन्यांना अजून लावलेलं नाही, बाहेरच्या कंपन्यांचं तेवढं चालवून घेते. आपल्याकडं 2007 पासून बोलणं सुरू, 2011 साल ठरलेलं. त्या वर्षी फेब्रुवारीत 35 मानकं जाहीरही झाली, पण कधीपासून लागू हे लिहिलंच नाही! मग जुलै 2014 च्या बजेटच्या भाषणात विषय पुन्हा निघाला आणि 16 फेब्रुवारी 2015 ला नियम आले. आयएफआरएस आपण जसंच्या तसं घेतलेलं नाही. काही ठिकाणी मुद्दाम फरक ठेवलाय, आणि त्यातला एक तुमच्याच व्यवहाराला लागू शकतो. समजा पुणेकरांना तुमचा हिस्सा मालमत्तेच्या खऱ्या किमतीपेक्षा स्वस्तात मिळाला. आयएफआरएसमध्ये तो फायदा थेट त्या वर्षाच्या नफ्यात जातो. आपल्याकडं तो ओसीआयमधून (नफ्यातोट्याबाहेरच्या इतर उत्पन्नाच्या रकान्यातून) भांडवली राखीव निधीत जातो, नफ्यातोट्याला शिवत नाही. माझ्या मते हा फरक शहाणपणाचा आहे. स्वस्तात कंपनी घेतली म्हणून त्या वर्षी कुणी नफा फुगवून दाखवू नये.

तीन ताळेबंद का, तर पहिलं इंड-एएस वर्ष 2024-25, त्याच्या शेजारी तुलनेला 2023-24, आणि त्या तुलनेच्या वर्षाची सुरुवात म्हणजे 1 एप्रिल 2023. जुन्या-नव्यातला बहुतेक फरक त्या एका दिवशी थेट राखीव निधीत पडतो.

आता कागदांचं. ते टॅली सोडून कपाट मागतात, कारण इंड-एएसचं निम्मं काम कपाटातच असतं. लेजरला नाव काय दिलंय याला किंमत नाही, करारात काय लिहिलंय ते बघतात.

आईंचे प्रेफरन्स शेअर्स ठरल्या तारखेला परत करायचेच असतील आणि 8-10 टक्के डिव्हिडंड बंधनकारक असेल, तर ते भांडवल नाही, कर्ज आहे. 3 कोटी वरून खाली देण्यांत जातील आणि आईंना दिलेला डिव्हिडंड व्याज म्हणून खर्ची पडेल. डिव्हिडंड कंपनीच्या मर्जीवर असेल तर त्याचे दोन तुकडे होतात, थोडं कर्ज, थोडं भांडवल. म्हणून अटींचा कागद पाहिजे.

मालकांचे 2 कोटी. कागदावर "मागेल तेव्हा परत" असेल तर 2 कोटीच राहतील, पुढचं वाचू नका. "पाच वर्षांनी परत" असेल तर एप्रिल 2021 मध्ये बँकेनं तुम्हाला कोणत्या दरानं पैसे दिले असते ते धरायचं. 10 टक्के धरू. पाच वर्षांनंतरच्या 2 कोटींची त्या दिवशीची किंमत 1 कोटी 24 लाख 18 हजार. उरलेले 75 लाख 82 हजार म्हणजे मालकानं मालक म्हणून कंपनीत घातलेलं भांडवल. मग दोन वर्षांचं व्याज चढवत यायचं, 12 लाख 42 हजार आणि 13 लाख 66 हजार. 1 एप्रिल 2023 ला कर्ज उभं राहतं 1 कोटी 50 लाख 26 हजारांवर. 2023-24 मध्ये आणखी 15 लाख 3 हजार व्याज खर्ची, एक रुपया न देता. हे मालकांना एकदा कागद-पेन घेऊन करून दाखवा. तोंडी सांगितलं तर भांडण होतं.

भट्ट्यांची बिलं पुरात गेली म्हणून रडू नका. पहिल्यांदा येणाऱ्यांना आपल्याकडं खास सवलत आहे: जुन्या पुस्तकातली घसारा वजा जाता किंमत तशीच उचलायची, तीच मूळ किंमत धरायची. जुनी बिलं लागत नाहीत. फक्त ही सवलत घेतली तर सगळ्या स्थावर-यंत्राला घ्यावी लागते. भट्टीला पुस्तकी किंमत आणि बुधगावच्या जागेला बाजारभाव, असं निवडून चालत नाही. म्हणजे मालकांना जागा फुगवायची असेल तर भट्ट्यांचाही बाजारभाव काढायला लागणार, नाहीतर त्यांचा सगळा इतिहास उकरायला लागणार, आणि तो कृष्णेत गेलाय. शिवाय फुगवून मिळणार काय? कलम 123 प्रमाणं असल्या कागदी वाढीतून डिव्हिडंड काढता येत नाही. पुणेकर त्यांच्या एकत्रित ताळेबंदात ती जागा खरेदीच्या दिवशीच्या भावानं घेणारच आहेत, ते त्यांचं ते बघतील. मी असतो तर 6 लाखच ठेवले असते.

खरी भीती बँकेची बाळगा. सीसी (कॅश क्रेडिट) लिमिटच्या सँक्शन लेटरमध्ये टीओएल-टीएनडब्ल्यूची (एकूण देणी भागिले खरी नेटवर्थ) अट असते. आईंचे 3 कोटी भांडवलातून देण्यांत गेले की अंश वाढतो आणि छेद घटतो, दोन्ही एकदम. रिन्यूअलच्या वेळी मॅनेजरनं विचारायच्या आधी आपणच एक पानाचं पत्र द्यावं: पैसे कुठं गेले नाहीत, मांडणी बदललीय, जुन्या पद्धतीनं गुणोत्तर इतकं येतं. एप्रिलमध्ये द्या, सप्टेंबरात नको.

आयकराला यातलं काही थेट लागत नाही, तिथं आयसीडीएसचा (आयकराच्या स्वतःच्या हिशेब-मानकांचा) वेगळा हिशेब चालतो. मॅटमध्ये (पुस्तकी नफ्यावरच्या किमान करात) असाल तर मात्र तुमच्या सीएंना विचारा, ओपनिंगचा फरक पाच वर्षांत वाटून येतो.

---

तासगावचा_बेदाणा

काका, मध्येच विचारतो. आमची दहाजणांची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, थोडी बाग कंपनीनं स्वतःही लावलीय. हे आम्हाला पण येणार काय?

---

विश्रामबाग_पेन्शनर

नाही ओ. लिस्टेड नाही, 250 कोटी नाहीत, असल्या कुणाची सबसिडियरी नाही. निवांत राहा. सहकारी साखर कारखाने, पतसंस्था तर कंपनी कायद्यातच नाहीत, त्यांचा प्रश्नच येत नाही. बँकांचं रिझर्व्ह बँकेनं मार्च 2019 मध्ये पुढच्या सूचनेपर्यंत लांबणीवर टाकलंय.

पण प्रश्न तुमचा गोड आहे म्हणून सांगतो. द्राक्षबाग असलेली कंपनी इंड-एएसमध्ये आली तर एकाच मांडवाखाली दोन हिशेब होतात. वेल म्हणजे यंत्रासारखी मालमत्ता, वर्षानुवर्षं फळ देते, तिच्यावर घसारा. आणि वेलाला लटकणारा घड वेगळा, तो दर ताळेबंदाला बाजारभाव वजा विक्रीखर्च या किमतीनं. ऑक्टोबर छाटणीची उशिराची बाग 31 मार्चला अजून तोडायची असेल, तर त्या दिवशी घडांचा भाव लावायचा, न विकता नफा-तोटा दाखवायचा. व्यापारी बागेत येऊन किलोला दहा रुपये पाडून मागतो ते आपल्याला माहीत आहे, पण ऑडिटरला कोणता भाव दाखवणार? घड तोडला की त्या दिवशीचा भाव ही त्याची किंमत ठरते, आणि रॅकवर वाळत घातला की तिथून तो साधा स्टॉक. बेदाण्याचा भाव मार्केट यार्डात वाढो की पडो, विकेपर्यंत वाढ घ्यायची नाही. पडला तर घट मात्र घ्यायची.

---

तासगावचा_बेदाणा

अवकाळीचा पाऊस 30 मार्चला झाला तर?

---

विश्रामबाग_पेन्शनर

तर 31 तारखेचा भाव तडकलेल्या मण्यांचा. 1 एप्रिलला झाला तर आदल्या वर्षाचा आकडा तसाच, खाली टीप.

---

खतावणी_कुपवाड

काका, तुमचं उत्तर प्रिंट काढून मालकांना दिलं. जागेचा विषय संपला एकदाचा. आईंच्या शेअर्सवर जरा ऐकून घ्यावं लागलं.

दोन गोष्टी अडल्यात. शेजारचं शेड आम्ही किती वर्षं वापरतोय, पण कागद दर वेळी 11 महिन्यांचाच होतो. 12 महिन्यांच्या आतलं भाडं नुसतं खर्ची टाकता येतं असं वाचलं. मग पुण्याचे ऑडिटर एवढं खोदून का विचारतात? आमचा एमआयडीसी प्लॉट 95 वर्षांचा आहे, तोही त्यात येतो का?

दुसरं, 31 मार्चच्या गाड्या. दर वर्षी शेवटच्या दोन दिवसांत आम्ही पाच-सहा गाड्या काढतो. बिलं मार्चची. त्यांनी प्रत्येक गाडीची पोच मागितलीय.

---

विश्रामबाग_पेन्शनर

आधी सोपं. एमआयडीसीच्या प्लॉटचा प्रीमियम सुरुवातीलाच भरलेला असतो. ती 'राइट ऑफ यूज' (वापरायच्या हक्काची) मालमत्ता म्हणून उभी राहील आणि उरलेल्या वर्षांत खर्ची पडत जाईल. पुढं द्यायचं जे किरकोळ वार्षिक भाडं आहे त्याचं देणं नगण्य. तुमच्या जुन्या पुस्तकात ती 'जमीन' म्हणून घसारा न घेता पडून असणार, बहुतेक कंपन्यांत असते. मग 1 एप्रिल 2023 पर्यंतचा हिस्सा राखीव निधीतून वजा.

शेडचं अवघड आहे. त्या शेडमध्ये काय आहे? नुसती भंगाराची पोती असतील तर 11 महिने म्हणजे 11 महिने. पण सीएनसी मशिनं फाउंडेशन घालून बसवलेली असतील, वेगळं एचटी (उच्च दाबाच्या विजेचं) कनेक्शन घेतलं असेल, तर तुम्ही उद्या उठून जाणार नाही हे घरमालकालाही ठाऊक आहे आणि ऑडिटरलाही. मग ते विचारणार की कागद 11 महिन्यांचा असला तरी तुमच्या हातात पुढं राहायचा हक्क आहे का, आणि दोघांपैकी कुणी सोडलं तर कुणाचं किती बुडतं. हक्क असेल आणि सोडणं परवडत नसेल तर भाड्याची मुदत पाच-सात वर्षं धरतील आणि तेवढं देणं ताळेबंदात आणतील. आपल्याकडं 11 महिन्यांचा कागद करणं ही नुसती सवय आहे, त्यामागं कुणाचा विचार नसतो, आणि या मानकाला तर विचारच पाहिजे असतो. पुढच्या वेळी करार करताना मालकांना म्हणावं, आपल्याला खरंच जेवढी वर्षं राहायचंय तेवढी लिहा. ताळेबंदात देणं येईल, पण शेडही हातात राहील.

गाड्या. पीओच्या मागं बघा, 'एफओआर कुपवाड' आहे की 'एफओआर डेस्टिनेशन', म्हणजे माल कुठपर्यंत पोचवायची जबाबदारी आपली. पंपवाल्या बऱ्याच गिऱ्हाइकांचं डेस्टिनेशन असतं. तसं असेल तर ताबा त्यांच्या गेटवर जातो. 31 तारखेला संध्याकाळी कुपवाडमधून निघालेली गाडी 1 एप्रिलला पोचली, तर विक्री पुढच्या वर्षाची. जीएसटीचं बिल मार्चमध्येच राहील, त्याला हात लावायचा नाही, फक्त जुळवणीचा तक्ता ठेवा, नाहीतर पुढं जीएसटीची नोटीस आल्यावर कुणालाच आठवत नाही. त्या गाड्यांतला माल 31 मार्चला तुमच्याच स्टॉकमध्ये, खर्चाच्या किमतीनं.

घाबरायचं कारण नाही, कारण मार्च 2023, 2024 आणि 2025 तिन्हींच्या गाड्या एकेक पाऊल पुढं सरकतात. 2023-24 मध्ये आधीच्या वर्षाच्या पाच गाड्या आत येतात आणि त्या वर्षाच्या पाच बाहेर जातात. वर्षाच्या नफ्यावर फरक थोडाच. ओपनिंगला मात्र एकदा पाच गाड्यांचा नफा निघून जातो.

पोचेबरोबर रेट डिफरन्सची फाईलही काढा, ती ते आज ना उद्या मागणारच. पिग आयर्न आणि स्क्रॅपच्या भावानुसार दर तिमाहीला पीओ अमेंड होतो ना? भाव उतरलेले असतील तर मार्चच्या मालाची डेबिट नोट जूनमध्ये येते. आजवर ती आली की टाकत होतात. आता 31 मार्चलाच अंदाज धरून विक्री कमी करायची. उलट भाव चढले असतील तर वाढीव दर, तो परत काढावा लागणार नाही अशी जवळपास खात्री असेल तेवढाच घ्यायचा.

---

खतावणी_कुपवाड

शेडमध्ये चार सीएनसी आहेत काका. फाउंडेशनसकट.

---

आर्टिकल_चालू_आहे

नियम 4 पूर्ण वाचला. सर, येण्यांवरच्या तरतुदीचं सांगायचं राहिलं.

---

विश्रामबाग_पेन्शनर

बरं झालं आठवण केलीस. ताई, चार वर्षांचं वयवार स्टेटमेंट त्याचसाठी आहे. कोण बुडेल असं वाटतं हे ते विचारत नाहीत. 90 दिवसांच्या आतल्या येण्यांतलं आजवर किती बुडालं, 90 ते 180 मधलं किती, वर्षावरचं किती, असे टक्के काढून आजच्या येण्यांना लावायचे आणि पुढची परिस्थिती बघून कमी-जास्त करायचे. पाणीयोजनांच्या ठेकेदारांना माल देत असाल तर त्यांचा गट वेगळा ठेवा. त्यांचे पैसे बुडत फारसे नाहीत, पण वर्ष-वर्ष अडकतात. त्यांना मोठ्या पंप कंपन्यांबरोबर एका टोपलीत घातलंत तर तरतूद विनाकारण फुगेल.

चार सीएनसी असतील तर शेडवर वाद घालत बसू नका, देणं घ्या. आणि हे सगळं सुरू करण्याआधी पुणेकरांकडून एक मेल घ्या, त्यांची मटेरियालिटी (किती रकमेखालचा फरक ते किरकोळ धरतात) किती लाखांची ते लेखी. त्याच्या खालच्या गोष्टींची यादी करून बाजूला ठेवायची. ती मेल हातात नसताना कामाला लागलात तर लेथच्या टूलबिटपर्यंत हिशेब काढत बसाल.